विमानाचा उतारा

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला शाळेतील अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात. गळणारी कौले, मधल्या वेळच्या जेवणाचा तांदूळ, रुसलेले शिक्षक, वरून येणारी परिपत्रके. परंतु या सर्वांहून जपावी लागते ती मुलांच्या प्रवेशाची नोंदवही. आमच्या शाळेतील जुन्या नोंदवह्यांची पाने पिवळी पडली आहेत, कडा झिजल्या आहेत. तरीही कपाटाची किल्ली मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. साठी ओलांडलेला एखादा गृहस्थ कधीतरी दारात उभा राहतो आणि संकोचाने म्हणतो, “गुरुजी, पेन्शनसाठी जन्मतारखेचा दाखला पाहिजे.” मग मी ते पान काढतो. कोणा गुरुजींनी टाकाने लिहिलेले त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि गावाचे नाव तेथे सापडते, आणि त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर आपण खरोखर या जगात आलो होतो याची लेखी पोच मिळाल्याचा आनंद उमटतो. त्या नोंदीत खाडाखोड करण्याचा अधिकार मला नाही. कोणी कितीही गळ घातली तरी मी ती कधी केली नाही, आणि या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता.

हा अभिमान गेल्या दिवाळीत एका रात्रीत कसा उतरला, ते सांगण्यासाठी हा लेख. आणि तो उतरवायला निमित्त झाले ते, कोणाला हसू येईल, विमानाच्या मालकीहक्काचे.

आमचे गाव बेळगावहून सांबऱ्याच्या वाटेवर आहे. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने उभारला. आमच्या लहानपणी तेथे विमान क्वचितच येई. आले की शेतातली सारी कामे थांबत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७१ साली स्वतःच्या कष्टाच्या पैशाने तीस गुंठ्यांचा एक तुकडा घेतला होता. पावसाळ्यात त्यात भात, नंतर वाटाणा नाहीतर मसूर. त्या तुकड्याच्या बांधावर बसून मी आणि माझी मोठी बहीण (आम्ही तिला आक्का म्हणतो) आकाशाकडे पाहत असू. एकदा असेच एक विमान खाली उतरताना पाहून आक्काने विचारले, “आप्पा, हे विमान कुणाचं?” आप्पा भांगलण करीत होते. मान वर न करता ते म्हणाले, “ज्याच्या नावावर उतारा, त्याचं.”

आम्ही दोघे पोट धरून हसलो होतो. विमानाला कुठला आला उतारा!

विमानालाही उतारा असतो, हे मला पन्नास वर्षांनी कळले, आणि तेही आक्काच्याच मुलाकडून. माझा हा भाचा अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी या शहरात असतो. विमानांच्या मालकीचे दप्तर तपासून देणाऱ्या एका कंपनीत तो संगणकाचे काम पाहतो. गेल्या दिवाळीत तो चार वर्षांनी गावी आला आणि भाऊबीजेच्या दिवशी आक्काला घेऊन आमच्या घरी मुक्कामास राहिला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे गच्चीवर बसलो होतो. मी सहज विचारले, “अरे, विमानाच्या मालकीचे दप्तर म्हणजे काय? विमान कोणाचे ते त्याच्या अंगावर लिहिलेले नसते का?”

तो हसला. म्हणाला, “मामा, अंगावर लिहिलेला असतो तो नंबर. भारतातल्या विमानांचा नंबर व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो, अमेरिकेतल्यांचा एन या अक्षराने. पण नंबरावरून मालक सिद्ध होत नाही.”

मग त्याने जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत मांडतो. कारण आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेत, प्लॉट वा जुना वाडा आहे, त्या प्रत्येकाला त्यातून काही घेण्याजोगे आहे.

अमेरिकेत लहानमोठी सारी मिळून तीन लाखांच्या आसपास विमाने नोंदलेली आहेत. त्यांत प्रवासी कंपन्यांची अजस्र विमाने आहेत, तशीच शेतावर औषध फवारणारी आणि चार माणसे बसतील एवढी घरगुती विमानेही आहेत. या सर्वांचे दप्तर ओक्लाहोमा सिटी येथे एका ठिकाणी आहे. १९३८ साली तेथील संसदेने कायदा करून ही मध्यवर्ती नोंद सुरू केली. जमिनीला गाव असते, शीव असते. विमान मात्र सकाळी एका राज्यात तर दुपारी दुसऱ्या राज्यात. तेव्हा त्याच्या खरेदीविक्रीची आणि कर्जाची कागदपत्रे कोण्या एका तालुक्याच्या कचेरीत ठेवून काय उपयोग? म्हणून साऱ्या देशासाठी एकच कचेरी. विमान कारखान्यातून बाहेर पडले की त्याची फाईल उघडते आणि पुढे प्रत्येक विक्रीपत्र, प्रत्येक बोजा त्या फाईलीत जमा होत जातो. आपल्याकडे उताऱ्यावर सोसायटीचे कर्ज चढते आणि उतरते, तद्वतच.

“म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र ज्याच्या नावे, तो मालक,” मी आप्पांचेच वाक्य म्हटले.

“नाही ना मामा! तिथेच गोम आहे. कायद्यातच लिहून ठेवलंय की मालकीचा वाद निघाला तर नोंदणीचं प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा धरायचा नाही. कचेरी आलेला कागद नोंदवून घेते. त्याच्यावरची सही खरी की खोटी, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नव्हता, हे ती बघत नाही.”

मी विचारात पडलो. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? १९०८ चा आपला नोंदणी कायदा दस्त नोंदवतो. मालकीची हमी देत नाही. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत शिक्का बसला म्हणजे जमीन निर्विवाद आपली झाली, असे मानणारे लोक नंतर वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना आपण पाहतो.

नोंद नसली तर काय होते, याचेही एक उदाहरण त्याने सांगितले, आणि ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. १९७८ च्या एप्रिल महिन्यात इलिनॉय राज्यातील एका विमानतळावर एका दांपत्याने एक नवे कोरे विमान विकत घेतले. पूर्ण किंमत मोजली, विमान ताब्यात घेतले. विक्रेत्याने मूळ विक्रीपत्रे न देता त्यांच्या छायाप्रती हाती ठेवल्या आणि सांगितले, ‘कागदांचे मी बघतो.’ त्या भल्या माणसांनी विश्वास ठेवला. पुढे त्याच विक्रेत्याने तेच विमान फिल्को एव्हिएशन नावाच्या कंपनीला पुन्हा विकले! विमान कुठे आहे, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, की यंत्रे बसवण्यासाठी ते मिशिगनला पाठवले आहे. कंपनीने आणि तिच्या बँकेने ओक्लाहोमाचे दप्तर तपासले. तेथे पहिल्या विक्रीचा मागमूसही नव्हता. मूळ कागद समोर होते. व्यवहार झाला आणि बँकेने तो नोंदवूनही टाकला. आता विमान कोणाचे? ज्यांनी आधी पैसे भरले आणि ज्यांच्या ताब्यात ते आहे त्यांचे, की ज्यांचा कागद नोंदला गेला त्यांचे? १९८३ च्या जून महिन्यात न्यायालयाने निर्णय दिला, की विमानाचे प्रत्येक हस्तांतर लेखी हवे आणि ते नोंदले गेल्याखेरीज, ज्याला त्याची माहिती नाही अशा तिऱ्हाइताच्या हक्काला त्याने बाध येणार नाही. कंपनीला खरोखर काही ठाऊक नव्हते का, यासारखे मुद्दे खालच्या न्यायालयाकडे परत गेले. पण तत्त्व ठरले ते ठरलेच. ताबा आहे, पैसे दिले आहेत, विमान रोज डोळ्यांसमोर उभे आहे, आणि तरीही नोंद नाही म्हणून मालकी धोक्यात.

“म्हणजे नोंद नसेल तरी धोका, आणि नोंद असूनही खात्री नाही. मग माणसाने विमान घ्यावे तरी कसे?” मी विचारले.

“त्यासाठीच आमची कंपनी आणि त्यासाठीच मालकीहक्काचा विमा.”

विमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आयुर्विमा नाहीतर मोटारीचा विमा येतो. हे विमे उद्याच्या संकटासाठी असतात. हा विमा मात्र कालच्या संकटासाठी असतो, ही त्यातली मौज. विमान कोसळले, वादळात सापडले, तर त्याची भरपाई हा विमा देत नाही. त्यासाठी दुसरे विमे आहेत. परंतु आपण विमान घेण्यापूर्वी, कोणे एके काळी, एखाद्या विक्रीपत्रावर खोटी सही झालेली असेल. दोन भागीदारांपैकी एकानेच परस्पर विमान विकलेले असेल. कर्ज फिटले असूनही बँकेने बोजा उतरवल्याचा कागद कधी पाठवलाच नसेल. एखाद्या कारखानदाराचे दुरुस्तीचे बिल वा सरकारचा कर थकलेला असेल, आणि यांतले काही दप्तरात दिसत नसेल, तर त्यातून उद्या उद्भवणाऱ्या दाव्याचा खर्च आणि पुराव्यानिशी होणारे नुकसान विमा कंपनी ठरलेल्या रकमेपर्यंत सोसते. हप्ता एकदाच, विमान घेताना. आणि देण्यापूर्वी कंपनी सारी फाईल पहिल्या पानापासून तपासते. दोष सापडला तर तो आधी दूर करायला लावते. भाचा म्हणाला, “खरं सांगायचं तर विम्याचे पैसे देण्याची वेळ फार थोड्यांवर येते. लोकांना उपयोग होतो तो या तपासणीचा.”

या विम्याचा जन्म जमिनीच्या व्यवहारातून झाला. १८६८ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या न्यायालयापुढे एक खटला आला होता. एका गृहस्थाने जमीन घेतली; कागद पाहणाऱ्या जाणकाराला त्या जमिनीवरचा एक हुकूमनामा दिसला होता, पण वकिलाच्या सल्ल्यावरून त्याने तो बोजा नव्हे असे ठरवले. तो बोजाच निघाला आणि घेणाऱ्याचे पैसे बुडाले. न्यायालय म्हणाले, जाणकाराने प्रामाणिकपणे वकिलाच्या मतावर भिस्त ठेवली, त्याला दोष देता येत नाही. म्हणजे चूक कोणाचीच नाही आणि बुडाला तो मात्र बुडाला! यातून वाट काढण्यासाठी १८७६ साली फिलाडेल्फिया शहरात मालकीहक्काचा विमा देणारी पहिली कंपनी निघाली. त्याहीआधी, १८५८ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी दुसरा मार्ग दाखवला होता: मालकीची हमी सरकारनेच घ्यावी, नोंदवहीत नाव ज्याचे तोच मालक. आप्पांना हा टॉरेन्स नक्की आवडला असता.

आपल्याकडे हा विमा अजून फारसा रुळलेला नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, राज्य सरकार अधिसूचना काढील त्याप्रमाणे बिल्डरने जमिनीच्या मालकीचा विमा उतरवावा, अशी तरतूद आहे. जमिनीच्या मालकीत दोष निघाला तर बिल्डरने भरपाई द्यावी आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नसावी, हेही त्यात आहे. फ्लॅट घेणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. विमानांच्या बाबतीत तर आपण मोठी अद्दल घेऊन बसलो आहोत. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिची कितीतरी विमाने परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली होती. मालकी निर्विवाद असूनही त्या मालकांना आपली विमाने वर्षभर हलवता आली नाहीत. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती नोंदणीतून मुक्त करण्याचा आदेश दिला. विमानांवरील हक्क जपण्यासाठी केपटाऊन येथे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याला देशात कायद्याचे बळ देणारा स्वतंत्र अधिनियम आपल्या संसदेने २०२५ साली संमत केला.

हे सारे मी एखाद्या विद्यार्थ्याच्या कुतूहलाने ऐकत होतो. शेवटी भाच्याने एक काल्पनिक उदाहरण दिले.

“समजा मामा, एका शेतकऱ्याकडे छोटं विमान होतं. तो वारला. मुलानं कागद केले, ‘मी एकटाच वारस,’ म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं आणि विमान विकलं. दहा वर्षांनी लांबच्या राज्यातली त्याची बहीण उभी राहिली. दप्तरात ती कुठेच नाही. असा न दिसणारा वारस हाच सगळ्यांत वाईट दोष. कारण तो कागद चाळून सापडत नाही, माणसांनाच माहीत असतो.”

“मग त्या मुलाला विमा वाचवतो?” मी विचारले. माझा आवाज थोडा बदलला असावा.

“त्याला नाही. वाचवतो तो घेणाऱ्याला. आणि घेणाऱ्यालाही आधीपासून माहीत असेल आणि त्यानं लपवलं असेल तर त्यालाही नाही. स्वतः केलेला दोष आणि माहीत असून दडवलेला दोष, याला जगात कुठंच विमा मिळत नाही, मामा.”

तो झोपायला गेला. मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगणे अवघड आहे. आप्पा १९९७ साली वारले. त्यापूर्वी अकरा वर्षे आक्काचे लग्न होऊन ती खानापूरला गेली होती. आप्पांच्या मागे वारसा लावताना तलाठ्याने विचारले, “मुली किती?” मी म्हटले, “एक. पण तिचं लग्न झालंय.” त्याने मान हलवली आणि उताऱ्यावर आईचे व माझे नाव चढले. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, एम. ए. झालो होतो, शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होतो. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो, हा कायदा १९५६ सालचा आहे. तो मला माहीत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. २००९ साली आई गेली आणि उताऱ्यावर मी एकटा उरलो. आक्काने कधी काही विचारले नाही. दर भाऊबीजेला मी तिला चांगले लुगडे घेत होतो, आणि त्या लुगड्याच्या घडीत हा विषय दरवर्षी आपोआप गुंडाळला जात होता.

आता सांबऱ्याच्या वाटेवर वसाहती उठू लागल्या आहेत. आमच्या तीस गुंठ्यांना गिऱ्हाईक आले होते. निवृत्तीपूर्वी शहरातील फ्लॅटचे कर्ज फेडावे, या विचाराने मी दोन लाखांचा संचकारही घेतला होता. विक्रीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र हवे होते. लेखनिकाने ते तयार करून आणून दिले होते, आणि त्यात लिहिले होते: ‘मयताचा मी एकुलता एक वारस असून…’ तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. सही करायची तेवढी राहिली होती. आणि जिच्या नावावाचून तो लिहिला गेला होता ती आक्का, त्याच घरात, माजघरात झोपली होती.

शाळेच्या नोंदवहीत ज्याने उभ्या आयुष्यात एक काना-मात्रा बदलली नाही, त्याने घरच्या नोंदवहीतून सख्खी बहीण गाळली होती. खोडण्याची गरजसुद्धा पडली नव्हती. लिहिलेच नाही की झाले.

सकाळी मी हे घरात बोललो. आमची सौ. प्रथम गप्प राहिली. कर्जाचे हप्ते तीही मोजतेच. “निम्मे पैसे गेले तर फ्लॅटचं काय?” असे तिने विचारले, आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस आमच्यात त्यावर बोलणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “माझ्या माहेरच्या वाड्याच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मला काही नको होतं. पण विचारायला पाहिजे होतं.” एवढेच. मी त्याच रविवारी खानापूरची बस धरली.

आक्काचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. मुलगा पैसे पाठवतो. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सारे सांगितले. १९९७ पासूनचे, काही न वगळता. तिने चष्मा लावला. ‘एकुलता एक’ या शब्दांवर तिचे बोट थोडा वेळ थांबले.

“तू कधी विचारशील म्हणून वाट बघितली रे,” ती म्हणाली. “मग वाट बघायची पण सवय गेली.”

मी म्हटले, “आक्का, दोन वाटा आहेत. तुझे नाव लावून घेऊ आणि दोघे मिळून विकू, निम्मे पैसे तुझे. नाहीतर तुला नकोच असेल तर तू हक्कसोडपत्र…”

तिने मला मध्येच थांबवले. “ते नाही. आधी माझं नाव लाव. आप्पांची मुलगी म्हणून. सोडायचं का धरायचं ते नाव लागल्यावर बघू. जे कधी लिहिलंच नाही ते सोडायचं कसं?”

मराठीचा पदवीधर मी. पण हक्क या विषयावर इतके नेमके वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

पुढची हकीकत कचेऱ्यांची आहे. ती लांबवत नाही. वारसा दुरुस्तीचा अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत यांत चार महिने गेले. गिऱ्हाइकाला मी खरे ते सांगितले आणि संचकार परत देऊ केला. तो प्रथम रागावला, मग त्याच्या वकिलाने त्याला सांगितले, की हे आज कळले ते बरे झाले, दहा वर्षांनी कळते तर प्लॉट घेणाऱ्या वीस जणांसह तू कोर्टात उभा असतास. तो थांबला. विक्रीपत्रावर आम्हा दोघांच्या सह्या झाल्या. आक्काने आपला अर्धा हिस्सा घेतला, आणि मला तो तिने घ्यावा हेच योग्य वाटले. माझे कर्ज निम्मे फिटले आहे. उरलेले निवृत्तिवेतनातून फेडावे लागेल. गच्चीवरचा रंगकाम आणि नव्या खिडक्यांचा बेत रहित झाला. याची मला कधी कधी खंत वाटते, हेही लपवत नाही.

वाचकहो, आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्यातल्या कित्येकांची जमीन एका राज्यात, घर दुसऱ्यात, मुले तिसऱ्याच देशात. आपल्या मिळकतीही त्या विमानांसारख्याच झाल्या आहेत. एका गावच्या शिवेत त्या मावत नाहीत. म्हणून सांगतो: जमीन घेताना तीस वर्षांचे कागद तपासून घ्या, ई.सी. काढा, फिटलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावरून उतरला आहे ना ते पाहा, मूळ कागद हाती आल्याखेरीज छायाप्रतीवर पैसे मोजू नका. उद्या आपल्याकडेही मालकीहक्काचा विमा सर्रास मिळू लागला तर तोही जरूर घ्या. पण त्याआधी घरातला उतारा एकदा काढून बघा आणि त्यावर कोणाचे नाव नाही ते मोजा.

विक्रीच्या आधी, दोन नावांचा नवा उतारा हाती आला त्या दिवशी आक्का माझ्याबरोबर कचेरीत होती. तिने तो दोनदा वाचला. मग मला म्हणाली, “याची एक झेरॉक्स काढून दे.”

“पुढच्या आठवड्यात जमीन विकतोय आपण,” मी म्हटले. “हा कागद आता काय उपयोगाचा?”

“असू दे,” ती म्हणाली. झेरॉक्सची चार पदरी घडी घालून तिने ती पिशवीत ठेवली, आणि आम्ही बसच्या थांब्याकडे चालू लागलो.